तोकड्या विजारीचं पोरगं

२८ एप्रिल, सोमवार

पुन्हा तेच बाड घेऊन बसली! सकाळपासून. चहा निवला, त्यावर साय धरली, सायीवर माशी बसली, बाईसाहेबांना पत्ता नाही.

मोनिका म्हणजे माझी नात, कल्याणची पोरगी. आठवीची परीक्षा झाली आत्ताच. सबंध सोनईत तिच्या वयाची एवढी उंच पोर दुसरी नाही. आजी म्हणून सांगत नाही, आमच्या दाराच्या चौकटीला विचारा. मला फडताळातल्या वरच्या डब्यासाठी स्टूल लागतं, ती उभ्या उभ्या पंख्याची पाती पुसती. अशी पोर — आणि बसलीय कोपऱ्यात मांडी घालून!

बास्केटबॉल खेळती. खेळायची, असं म्हणावं आता. परीक्षा झाल्यावर नेवाशाला तालुक्याची फायनल होती. शेवटाला हिला दोनदा चेंडू टाकायला दिला. समोर आडवं कोणी नाही, सगळे नुसते बघत उभे. फ्री थ्रो म्हणतात त्याला. दोन्ही हुकले. एका गुणानं हरले. घरी आली ती बूट माळ्यावर टाकले, आणि मैदानाचं नाव काढलं की, "आज्जी, विषय बंद."

हुकला तर हुकला! माझी भाकरी कधी तव्यावर मोडत नाही? मी काय पिठाचा डबा माळ्यावर टाकला?

३० एप्रिल, बुधवार

बाडाची चौकशी केली. जपानी आहे म्हणे! चेंडूवाल्या पोरांची गोष्ट, चित्रांची. आत अक्षरं इंग्रजी. कल्याण पुण्याला होस्टेलवर होता तेव्हा कुणाचं तरी मागून त्यानं अख्खं झेरॉक्स केलं, दोन्हीकडून निळा पुठ्ठा लावून तारेत बांधून घेतलं. दोन हातांनी उचलावं लागतं.

आणि मला काय माहीत? मला वाटायचं, पोराच्या अभ्यासाच्या नोट्स! दसऱ्याला घरी यायचा तेव्हा पाटीवर सरस्वती काढून तिच्यापुढं मी ते बाड ठेवलंय. झेंडूचं फूल वाहिलंय. हळदकुंकू लावलंय. उड्या मारणाऱ्या जपानी पोरांना! अजून त्या पुठ्ठ्यावर कुंकवाचा डाग आहे.

कल्याणला म्हणलं, लाज न्हाई वाटली? तर कारखान्याचा डबा बांधता बांधता हसतो कसा! "आई, इंजिनिअरिंगला गेलो तवा इंग्रजीत ठो कळत नव्हतं. हेच वाचून शिकलो." म्हणजे माझा इंजिनियर चित्रांवर शिकला. बरं, आता तरी सोडावं? तर ही गोष्ट तीस वर्षांची जुनी. मी विचारलं, आजून वाचत्यात व्हय लोक? "जगभर वाचत्यात. केस पांढरे झालेलेबी वाचत्यात."

जगाला काम नाही.

१ मे, गुरुवार

पीटीचे पुंजाराम सर दारात येऊन गेले. महिनाअखेर नगरला निवड आहे, मोनिकाला पाठवा म्हणाले. मोनिका मागच्या दारानं गोठ्यात जाऊन बसली. सरांना चहा मीच दिला, बोलले मीच. त्या बाडानंच पोर बिघडली. चौथी शिकलेय मी, पण चित्रं बघायला शाळा लागत नाही. बघतेच आता काय आहे त्यात!

२ मे, शुक्रवार

बघितलं. दुपारभर बघितलं. कुरडयांचा चीक भांड्यात घट्ट झाला.

काय ती पोरं! डोळे एवढाले, वड्यासारखे. घामाचे थेंब बोराएवढे. आणि एक उडी मारायला चार पानं! आधी सगळ्यांची तोंडं उघडी — हा आपला वरच, मग पुढच्या पानावर पोट, मग कुठं पाय जमिनीला. तेवढ्यात माझ्या दोन भाकऱ्या होतात. कुणाचा बाप मेलाय का, लग्न मोडलंय का? काही नाही. चेंडू.

आणि गोष्ट तरी धड असावी! सुरुवातीलाच पोराला जिंकल्यावर सगळे खांद्यावर घेतात. शिंप्याचं पोरगं आहे, बाप मशिनीवर बसलेला दिसतो. पण पोराची विजार मात्र घोट्याच्या वर, तोकडी. शिंप्याच्या घरात कापड नाही! मग पुढं पुढं त्याचं बिघडतच जातं. चेंडू जाळीतनं वर येऊन ह्याच्या हातात पडतो, असला उलटा खेळ. दोस्त एकेक कमी होतात. आधी धावायचा, मग धडपडायला लागला. नाकावर पट्टी आधी, पडतो मागनं. शेवटाला तर चेंडू कसा धरायचा तेही विसरला! बंद मैदानाच्या दारात एकटाच उभा, चेंडू पोटाशी, तोंड उघडं. संपलं.

ह्याला जग डोक्यावर घेतंय! पोराला मातीत घालणारी गोष्ट!

३ मे, शनिवार

रात्रीच्या जेवणाला मी सगळी गोष्ट ऐकवली. कल्याण कारखान्यात होता. मोनिका आणि सूनबाई दोघीच. म्हणलं, मोने, तुझा हिरो बघितला मी. शेवटाला पार भोपळा झाला की त्याचा!

मोनिकानं आधी माझ्याकडं नुसतं बघितलं. मग ताटावर वाकून हसायला लागली. कितीतरी दिवसांनी हसली! नाकातून वरण यायचं राहिलं.

"आज्जी, पुन्यांदा सांग ना."

पुन्हा सांगितलं. खांद्यावर घेतलं इथपासून. ती आपली हसतीय. मी म्हणलं, हसायला काय झालं, एवढं चांगलं खेळणारं पोरगं वाया गेलं. शेवटाला आलं तेव्हा तिचं हसू थांबलं. ताटातला भात बोटानं इकडंतिकडं करत म्हणाली, "मग त्याचं पुढं काय झालं, आज्जी?"

"काय व्हायचंय? पान संपलं. पोरगं हाय ना उभं दारात!"

"पण त्याला तर काहीच येत न्हाई आता."

"न येऊ दे. चेंडू हातात हाय का न्हाई? मग टाकील की. टाकणार न्हाई तर काय त्याचं लोणचं घालणार?"

सूनबाई म्हणाली, "आत्याबाई, जेवू द्या तिला." मी म्हणलं मी काय तोंड धरलंय तिचं.

४ मे, रविवार

माळ्यावरचे बूट दिसत नाहीत.

मी काही विचारणार नाही.

८ मे, गुरुवार

माझी अब्रू गेली!

शेजारची मेहताब कुरडयांचा चीक न्यायला आली होती. आम्ही दोघी लग्न होऊन ह्या गल्लीत आलो तेव्हापासूनच्या. कुरडया तिच्या गच्चीवर, पापड माझ्या अंगणात, असा आमचा नेम. तिचा सोऱ्या चांगला, माझा अडकतो. तर चीक शिजेपर्यंत मी बाड घेऊन बसले होते. नुसतंच, चाळायला. मेहताबनं वाकून बघितलं.

"बये, उलटी बसलीस की!"

"कशाची उलटी?"

"अगं, हे आमच्या कुराणाच्या सिपाऱ्यासारखं हाय. मी पोर असताना मौलवीसाहेबांकडं शिकले ना, तसंच. ह्या हाताकडनं उघडायचं, हिकडनं तिकडं जायाचं. हे बघ, चेंडू वर जातोय. तुझ्या बाजूनं बघितलंस तर जाळीतनं माघारी येतोय. चेंडू कधी जाळीतनं वर येऊन हातात पडतो का गं?"

पहिल्यापासून बघितलं तिच्याबरोबर. चीक करपला! गोष्ट अशी आहे: पोरगं आधी दारात येतं, त्याला काही येत नसतं. मग शिकतं, धडपडतं, दोस्त मिळतात, शेवटाला सगळे खांद्यावर घेतात. म्हणजे हे मला आधीच कळायला पाहिजे होतं! दुनियेतल्या सगळ्या गोष्टी अशाच असतात, त्यात जपानचं काय कौतुक?

संध्याकाळी मोनिका आली, अंगाला घाम, बुटांना माती. मी कंबरेवर हात ठेवूनच उभी. "का गं भवाने, मला सांगितलं न्हाईस? गल्लीत हसं केलंस माझं!"

"तुझीच गोष्ट बरी वाटली मला, आज्जी."

"फालतू होती ती!"

"व्हय. फालतूच," म्हणाली, आणि ओट्यावरच्या ताटातली कैरीची फोड पळवून गेली.

२५ मे, रविवार

नगर. आता अहिल्यानगर म्हणायचं, एस.टी.चा कंडक्टर मात्र अजून नगर-नगरच ओरडतो.

निवडीला गेलो. कल्याणला रजा नव्हती, मीच गेले बरोबर. सगळ्या पोरींच्या आया गॉगल लावून आलेल्या. एकीनं मला विचारलं, "आजी, तुम्ही कोणाला पाणी द्यायला आलात का?" मी म्हणलं, माझी नात ती, तुमच्या पोरीच्या डोक्यावरून बघणारी. तिनं गॉगल नाकावर चढवला.

शेवटाला एकेकीला त्या रेघेवर उभं केलं. तेच ते, फ्री थ्रो. मोनिकाचं नाव पुकारलं. तिनं चेंडू पोटाशी धरला. तोंड उघडं. हुबेहूब ते दारातलं ध्यान! पहिला टाकला — कडीला लागून बाहेर.

पुंजाराम सर डोळे मिटून उभे. आणि मी — काय झालं मला, देवाला माहीत — उभी राहून ओरडले, "मोने, विजार तोकडी झालीय तुझी!"

सगळं मैदान माझ्याकडं बघायला लागलं. गॉगलवाली तर दोन हात लांब सरकली. मोनिकानं खरंच खाली आपल्या पायांकडं बघितलं. मग हसली. हसत हसतच टाकला. जाळी नुसती हलली. मग तिसरा. मग चौथा. मी पुढं बघितलंच नाही, पिशवीतली चकली खात बसले. कुणी बघितलं तर म्हणतील, म्हातारी रडती.

परत येताना गाडीत माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. मान अवघडली माझी, पण हललं कोण!

२७ मे, मंगळवार

निवड झाली! सरांनी फोन केला. मी सबंध गल्लीत गूळ वाटला. मेहताबच्या घरी दोनदा दिला. म्हणलं, बघ, माझ्या उलट्या वाचनाची पोर निवडली! मेहताब म्हणाली, "मी सरळ शिकवलं म्हणून." भांडण झालं थोडं. चहा झाला.

३० मे, शुक्रवार

आज कळलं.

कल्याणच्या हातात एक कागद. म्हणाला, "आई, तिला पत्र्याची ट्रंक घ्यायची का बॅग?"

"ट्रंक कशाला? खेळायला ट्रंक लागते?"

"निवड खेळाच्या शाळेसाठी हाय ना, होस्टेलवर राहायचंय. बारावीपर्यंत. तुला माहीत न्हवतं?"

न्हवतं. मला वाटलं, निवड म्हणजे रविवारी जाऊन खेळून यायचं. एस.टी.नं. मी बरोबर जाणार, चकली घेऊन. पोरीला मैदानावर ढकलायला मीच पुढं, आणि मला कुणी सांगितलं नाही की मैदान एवढं लांब आहे!

जपानच्या त्या पुस्तकाचं वाटोळं होवो.

१४ जून, शनिवार

ट्रंकच घेतली. तिखट, मेतकूट, कुरडया, शेंगदाण्याचे लाडू भरले. कल्याण म्हणतो, होस्टेलात कुरडया कोण तळणार? म्हणलं, तू होस्टेलात जपानी पुस्तक वाचत होतास, तेव्हा मी विचारलं होतं का? मोनिकाला म्हणलं, तुझं ते बाड घे, नाहीतर इथं रद्दीत जाईल. ती म्हणाली, "घेते." घेतलं की नाही, बघितलं नाही. मला काय करायचंय.

१७ जून, मंगळवार

बाड नाही नेलं पोरीनं. जाताना माझ्या उशाखाली ठेवून गेली.

फालतू पुस्तक. आज मेहताबच्या बाजूनं वाचलं, शेवटाला सगळे त्याला खांद्यावर घेतात तिथपर्यंत. माझ्या बाजूनं वाचलं की पोरगं शेवटाला परक्या दारात एकटंच उभं राहतं.