परड्यातलं पान

प्रिय आत्ती,

आज तालुका कचेरीत जुनी दप्तरं चाळून घरी आले आणि चहासुद्धा न घेता तुला लिहायला बसले. तुझी आजी सापडली! प्लेगच्या साथीतलं मृत्यूचं रजिस्टर, किचकट मोडी अक्षर, आणि एका ओळीत आपली गंगू. आजार, गाठीचा ताप. ठिकाण, माळावरच्या झोपड्या.

आपल्याच गावचा माळ गं! कुठं पळून गेली नव्हती ती.

तू किती वर्षं सांगत होतीस! "माझी आजी पळाली न्हाय. काखेत गाठ आली तसं तान्ह्या पोराला जावंच्या वटीत घातलं आन् पोराला लागू नये म्हणून आपल्या पायानं माळावर गेली. पिलेग कळला तर सरकारी माणसं घराची कौलं उतरवतील म्हणून घरच्यास्नी भ्या वाटलं. म्हायेरी गेलीया म्हणून सांगिटलं सगळ्यास्नी. ती माघारी आली न्हाय, तसं पळाली ह्येच चिकटलं की तिला!"

ते तान्हं पोर म्हणजे तुझे वडील, माझे आजोबा. तरी मी, निवृत्त शिक्षिका, महाशहाणी, काय म्हणाले? "कागद दाखव, मग मानते."

वर भावकीत वाटलेल्या वंशावळीत तिच्या नावाखाली लिहिलं, 'मूल टाकून गेली.' तू तो कागद घडी करून उशाखाली ठेवलास आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस. आज फार लाज वाटते गं.

पण तुझंही चुकलंच. माझ्याशी एवढी तावातावानं भांडायचीस, मग पितृपक्षात म्हाळाला तिचं पान मागच्या परड्यात गुपचूप का मांडायचीस? माझ्या दादाला भिऊन? आणि अजून एक वर्ष थांबली असतीस तर काय बिघडलं असतं?

ती कशासाठी माळावर गेली, ते रजिस्टरात नाही. ते फक्त तू सांगितलंस. मी मानते, आत्ती. कागदाशिवाय मानते.

आता जुनी वंशावळ घरोघरी जाऊन मीच परत घेणार आणि नवी देणार. यंदा म्हाळाला गंगूचं पान आत, सगळ्या पितरांच्या ओळीत. दादा काही बोललाच तर मी आहे! तुझं पान सासरी असेलच, तरी तिच्या शेजारी एक तुझंही मांडते. खिरीत वेलदोडा कमी पडला तर नाक मुरडू नकोस.

फक्त एक कर. तिला परड्याची सवय झालीय. हाताला धरून आत घेऊन ये.

तुझी भांडखोर भाची,
सुमन