मुराळ्याच्या गाडीचे ब्रेक

शेंडी (भंडारदरा),
३ सप्टेंबर २०२५

चि. गोरक्षनाथ यास,
ताईचे अ. उ. आ. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, इकडे सगळं ठीक आहे. फोन सोडून पत्रावर आले, कारण फोनवर तू नुसतं हो ताई, हो ताई करतोस आणि मागाहून कसल्यातरी लाल लोखंडी तुकड्याचा फोटो पाठवतोस. शिवाय रेंजसाठी मला धरणाच्या भिंतीपर्यंत चालत जावं लागतं, आणि ते आता डॉक्टरीणबाईंनी बंद केलं आहे. पत्र मात्र तुला शेवटपर्यंत वाचावं लागेल.

तर ऐक. लग्नानंतर नऊ वर्षांनी हे दिवस आले आहेत. इतकी वर्षं ज्यांचे उपचार घेतले त्या डॉक्टरीणबाई नगरला आहेत, इथून काही झालं तर राजूर गाठेपर्यंतच जीव जायचा. म्हणून बाळंतपण माहेरी, हे तर तुम्हीच सगळ्यांनी ठरवलं. ऑक्टोबरच्या मध्याला सातवा संपतो. आठवा लागला की सासूबाई मला उंबरा ओलांडू देणार नाहीत, त्यांच्यात आठव्यात बाईला हलवत नाहीत. दाजींच्या जीपला डॉक्टरीणबाईंनी साफ नकार दिला आहे. पर्यटक फिरवून फिरवून तिचे पाटे असे झालेत की तिच्यात बसलं की दात मोजून घ्यावे लागतात. भाड्याची गाडी करू म्हटलं तर सासूबाई विचारतात, मुलीला भाऊ आहे ना, मग मुराळी का येत नाही.

आणि मुराळी काय करतो आहे? मुराळी ब्रेक निवडतो आहे. मे महिन्यात आईला घेऊन परतताना विठा घाटात तुझ्या त्या टर्बो गाडीचे ब्रेक गेले, देवाच्या दयेने निभावलं. ब्रेक बदलायचे, हे ठीक. पण मेपासून आजपर्यंत? अरे, आमच्याकडे मुलगीसुद्धा याहून लवकर पसंत करतात.

कोणते घ्यायचे ते ठरव आणि मला कळव. आईला नमस्कार.

लोभ आहेच, तो वाढवायचा की कमी करायचा हे तुझ्या उत्तरावर.

तुझी,
ताई

---

शिंगणापूर,
१० सप्टेंबर २०२५

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आईने मोठ्याने वाचलं, तेही शनीच्या देवळाजवळच्या आपल्या दुकानात, गिऱ्हाइकांसमोर. दातांच्या वाक्याला एक भाविक इतके हसले की त्यांच्या हातातलं तेल सांडलं. तेव्हा माझी शोभा पुरेशी झाली आहे.

तुला वाटतं ब्रेक म्हणजे चप्पल, दुकानात जायचं आणि पायात घालून बघायची. तसं नाही. मूळ ब्रेक गावात चालवायला ठीक आहेत, पण माझ्या गाडीचं इंजिन आधीच्या मालकाने ताकद वाढवून घेतलेलं आहे. उतारावर सारखा पाय दाबला की डिस्क तापते, तिच्यावर घासणारे पॅड तापतात, ती उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत जाते आणि ते उकळतं. उकळलं की आत वाफ. मग पेडल दाबलं तर नुसती वाफ दाबली जाते आणि पाय सरळ फरशीला टेकतो. मे महिन्यात तेच झालं.

म्हणून पॅड दाबून धरणारे चार पिस्टनचे मोठे कॅलिपर आणि मोठी डिस्क पाहिली. पण ती माझ्या चाकात मावत नाही, चाकं मोठी घ्यावी लागतात. मोठी चाकं घेतली की गाडी जड होते, मग ब्रेक आणखी मोठे लागतात. रेसचे पॅड पाहिले, ते गरम झाल्याशिवाय धरतच नाहीत, म्हणजे सकाळी पहिल्या वळणाला काय करायचं? भोकं पाडलेल्या डिस्कला तडे जातात असं एक जण म्हणतो, खाचा पाडलेल्या आवाज करतात असं दुसरा. पुढचे ब्रेक फार जोरकस केले तर मागचे नुसते सोबतीला राहतात. एका कंपनीची डिस्क मागवली होती, ती आमच्या कारखान्यातल्या, बारीक फरक मोजणाऱ्या डायलवर फिरवून पाहिली तर केसाइतकी वाकडी निघाली. परत पाठवली. दुसरीही परत पाठवली. आमच्या खात्यात माझ्या हातून इतका माल नापास होतो की पुरवठादार मला बघून चहा खाली ठेवतात. मग स्वतःच्या गाडीला काहीही कसं लावू?

आता पितृपक्ष लागला आहे. आईने सांगितलंय, पंधरवडा संपेपर्यंत घरात नवी वस्तू आणायची नाही. तेवढ्यात माझाही विचार पक्का होईल.

माझ्यावरचा लोभ तसाच असू दे, आवाज थोडा कमी कर.

तुझा,
गोरक्ष

---

शेंडी,
१७ सप्टेंबर २०२५

चि. गोरक्ष यास,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र दाजींनी दोनदा वाचलं आणि कौतुकाने मान हलवली. मग मी विचारलं की यात तो येणार कधी हे कुठे लिहिलंय, तेव्हा तिसऱ्यांदा वाचलं. ते कुठेच नाही.

पितरांना मध्ये घालू नकोस. मे महिन्यात पितर नव्हते, जूनमध्ये नव्हते, आषाढ नि श्रावण कोरडे गेले. बाबा असते तर तुझ्या पाठीत धपाटा घालून म्हणाले असते की गाडी थांबवायची आहे, विमान उतरवायचं नाही. तू कारखान्यात नापास करतोस ते बरोबर आहे, तिथे पगार त्याचाच मिळतो. पण घरी येतानाही तो डायल खिशात घालून येतोस. आईने तुला दाखवलेल्या तीन मुलीही अशाच परत गेल्या, आठवतं ना?

सासूबाई, म्हणजे बनुबाई, रोज ओटीवर बसून खालच्या रस्त्याकडे बघतात. काल शेजारणीला सांगत होत्या की सुनेच्या माहेरची माणसं फार कामात असतात. मला ते लागलं. तू येत नाहीस म्हणून मी त्यांच्यासमोर तुझी बाजू घ्यायची, आणि मनात तुझ्यावर जळायचं, हे दोन्ही आता एका वेळी होत नाही. रात्रंदिवस पोटातल्या जिवाची काळजी आहे, तिच्यात ही भर नको.

पितृपक्ष संपला की ऑर्डर कर. दसऱ्याला गाडीची पूजा कर आणि ये.

आशीर्वाद आहेत, पण रागासकट घे.

तुझी,
ताई

---

शिंगणापूर,
२८ सप्टेंबर २०२५

चि. सौ. सविता हिस, आईचा अनेक आशीर्वाद.

मी चौथीपत्तूर शिकलेली, जसं बोलती तसं लिव्हती. चुकलं तर हसू नको.

गोरक्षानं अखेर ते बिरेक मागावले हुते. काल शनिवारी पार्सल आलं. मी दुकानात, लई गर्दी. कुरिअरवाला घरी गेला, आपल्या घराला दार न्हाई, त्यानं खोकं सरळ आत नेऊन ठिवलं आन मला सांगाया आला. मी इचारलं काय हाय, तर म्हनला लोखंड. शनिवारी, माज्या घरात, नवं लोखंड! मी तशीच पळत गेले. त्याला म्हनलं, बाबा, उचल आन घिऊन जा, आमी शनिवारी लोखंड घेत न्हाई. त्यो म्हनला, मावशी, उद्या परत येनार न्हाई. मी म्हनलं, नको यिऊस. त्यानं कागदावर ‘घेन्यास नकार’ असं लिव्हलं आन गेला.

गोरक्ष संध्याकाळी आला तर डोक्याला हात लावून बसला. म्हनला, आई, तू सोता शनिवारी घोड्याच्या नाली इकती. मी म्हनलं, इकनं येगळं, घेनं येगळं. त्यानं पार्सल परत मागवायचं नावबी काढलं न्हाई. उलट मला वाटलं, त्याला बरंच वाटलं. आन त्येच मला खुपलं.

म्हनून हे लिव्हती. सविता, त्याला बिरेक सापडंना असं न्हाई. त्याचा पाय भ्यालाय. मे पासून गाडीवर कापड टाकून ठिवलंय. कारखान्याच्या बसनं जातो. पंधरा दिसामागं मला सोनईला न्यायला काढली, तर रिकाम्या रस्त्यावर उगाच बिरेक दाबीत हुता, वाघ दिसल्यागत. त्या दिशी घाटात मी शेजारी बसले हुते, त्येच त्याच्या मनातनं जात न्हाई. मी तर गावात सांगती की बिनबिरेकची गाडी थांबिवली माज्या लेकानं. गेर खाली टाकीत टाकीत, डोंगराच्या अंगाला घासून, चरात घालून थांबिवली. मला खरचटलंबी न्हाई. त्याला मातुर ते ऐकवत न्हाई, उठून जातो.

तू त्याला रागं भरती, भर. पन येवढं मनात ठिव.

जिवाला जप. हिकडची काळजी करू नको.

तुझी आई,
मालनबाई

---

शेंडी,
४ ऑक्टोबर २०२५

चि. गोरक्ष यास,
अ. उ. आ. वि. वि.

आईने पार्सल परत पाठवल्याचं कळलं. दाजी हसून हसून ओटीवरून पडायचे राहिले. मी हसले नाही, कारण दिवस माझे भरत आहेत.

आईने आणखीही काही लिहिलं आहे. ते मला मे महिन्यातच कळायला हवं होतं. मी इतके दिवस तुला आळशी म्हणत होते, चोखंदळ म्हणत होते, आणि तू भ्यालेला होतास. गोरक्ष, भीती वाटली यात लाजण्यासारखं काय आहे? मला रोज वाटते. पोटात हालचाल थोडी कमी झाली तरी घाम फुटतो. नऊ वर्षं ज्याची वाट पाहिली ते हातचं जाईल, हे मनात येतंच. पण मी डॉक्टर बदलत बसले नाही. एकीवर विश्वास टाकला आणि चालले आहे.

मला जगातला सर्वांत चांगला ब्रेक नको आहे. मला चांगला, तपासलेला, वेळेवर लागणारा ब्रेक पुरे. तुझ्या मूळ डिस्क चांगल्या आहेत का? पॅड आणि ऑइल नवं घालून घाट उतरता येतो का, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, सावकाश? याचं उत्तर तुला मे महिन्यापासून माहीत आहे, तुझ्याच पत्रात ते लिहिलेलं आहे. उतारावर तू सारखा पाय दाबलास, म्हणून ऑइल उकळलं. बस.

रविवारी, बारा तारखेला ये. मी पुढच्या सीटवर बसणार. दाजी मागून जीप घेऊन येतो म्हणत होते, त्यांना मी नको म्हटलं आहे. तू नाही आलास तर आठवा लागेल आणि मी इथेच राहीन, मग जे होईल ते होईल. हा धाक नाही, खरं तेच सांगते आहे.

चिडलेली आहेच, पण तुझीच,
ताई

---

शिंगणापूर,
८ ऑक्टोबर २०२५

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. केलं तेवढं लिहितो.

मूळ डिस्क डायलवर तपासल्या, सरळ आहेत. चांगल्या प्रतीचे रस्त्यावरचे पॅड घातले, रेसचे नाही. जास्त तापमानाला उकळणारं ब्रेक ऑइल भरलं, रबरी नळ्या काढून स्टीलची जाळी असलेल्या लावल्या. लाल कॅलिपर नाहीत. गाडी अगदी साधी दिसते आहे. सगळं काल मंगळवारी आणलं, आईने स्वतः खोकं आत घेतलं.

आज सकाळी एकटाच इमामपूर घाट उतरून आलो. ब्रेक चांगले आहेत. माझं तसं सांगता येत नाही.

रविवारी येतो. बनुबाईंना साष्टांग नमस्कार.

तुझ्या मायेला पात्र ठरावं म्हणून धडपडणारा,
गोरक्ष

---

शिंगणापूर,
१४ ऑक्टोबर २०२५

प्रिय आसाराम यांस,
सौ. सविताचा स. न. वि. वि.

सुखरूप पोचल्याचा निरोप फोनवर मिळालाच असेल, पण प्रवासाची हकीकत तुम्हाला सविस्तर हवी होती. तुमच्या मेव्हण्याने माझा अंत पाहिला, हे आधी सांगते. शेंडीच्या वेशीवरच गाडी थांबवून, तापली का म्हणून चाकांना हात लावून पाहिलं. राजूरला पुन्हा. मी म्हटलं, तू मला माहेरी नेतो आहेस की चाकांना? रस्त्याने इतका सावकाश की चारा भरलेला ट्रॅक्टर आमच्या पुढे गेला आणि त्याच्या ड्रायव्हरने वळून बघितलं. दोनशे घोड्यांची गाडी म्हणे. घोडे काय सुट्टीवर होते?

विठा घाटाच्या तोंडाशी तो खाली उतरला आणि बॉनेटला टेकून उभा राहिला. मागे गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. मला उतरून त्याच्याशी बोलावंसं वाटत होतं, पण बसूनच राहिले. वाटलं, मी उतरले तर त्याला वाटेल की मलाही भीती आहे. भीती होतीच. मी पोटावर हात धरून समोर बघत राहिले. मग तो आला, बसला, दुसरा गिअर टाकला.

मधल्या वळणावर शेरडांचा कळप एकदम आडवा आला. मागे एक म्हातारी पळत होती. गोरक्षने ब्रेक दाबला. गाडी सरळ, जागच्या जागी उभी राहिली, मला पट्ट्याचा हिसकासुद्धा बसला नाही. शेरडं निघून गेली, म्हातारी हात करून गेली, रस्ता मोकळा झाला, तरी गाडी हलेना. मला वाटलं बंद पडली. पाहिलं तर तो अजून सगळ्या ताकदीने पेडल दाबून बसला होता, डोळे समोर. मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि सांगितलं की गाडी केव्हाच थांबली आहे, आता पाय काढ. त्याने पाय काढला आणि लहानपणी रडायचा तसा रडला. मीही रडले. मागचा एक अनोळखी जीपवाला शिव्या देत होता, त्याला देऊ दिल्या. मग आम्ही घाट उतरलो.

जेवण वेळेवर करा. सासूबाईंना नमस्कार सांगा, आणि हेही सांगा की माझा मुराळी आला होता.

माया आहे तशीच असू द्या.

तुमची,
सविता