प्रियलच्या नावानं

तळोदा,
भाद्रपद सुद ६

प्रिय सरला,

जय जिनेंद्र. तुझा क्षमापनेचा मेल परवा मिळाला. संवत्सरीच्या प्रतिक्रमणात मी चौऱ्यांशी लाख जीवयोनींना खमावलं, सगळ्यांची क्षमा मागितली, पण तुझ्या नावाशी जीभ अडली. सख्ख्या बहिणीच्या नावाशी. अजून अडलेलीच आहे.

प्रियलला शिकायला तुझ्याकडे पुण्याला ठेवलं, तेव्हा जाण्याआधी तिनंच मला मोडेम शिकवला. 'मम्मी, आधी शिट्टी, मग खरखर, मग गप्प झालं की लागलं समज.' फोनची लाईन एकच, तीही दुकानाची. म्हणून दुपारी दुकान बंद असताना सामायिकाची ध्यानाची बैठक आटपून मी मोडेमसमोर बसायची. कामाला येणारी तापीबाई विचारायची, 'शेठाणी, हाई डबडं काय बोंबली ऱ्हायनं?' प्रियलचा मेल उतरवला की लगेच लाईन तोडायची आणि मग सावकाश वाचायचं. उत्तर आधी कागदावर, मग एका बोटानं टाइप.

त्या उत्तरांत मी काय काय लिहिलं ते तुला माहीतच आहे. तुझ्याविषयीसुद्धा. मासीकडे कांदा-बटाटा चालतो, रात्रीचं जेवण चालतं, तू आपलं सांभाळ. त्यावर उत्तर आलं, 'मासी माझी वेगळी भाजी करते, सूर्यास्ताआधी ताट वाढते.' किती बरं वाटलं होतं मला. टपालाच्या पत्राला गावाचा शिक्का असतो, अक्षर असतं. इंग्रजी अक्षरांत टाइप केलेल्या मराठीला कुणाचं वळण असणार?

मग समाजाच्या शिष्यवृत्तीसाठी यांनी तिची मागच्या वर्षाची गुणपत्रिका मागवली. ती फॅक्सनं आली, याच मोडेमवर. पान छापून काढलं तर वरच्या कडेला बारीक आकड्यांत पाठवणाऱ्याचा नंबर. सुरुवात ०२६१. दुकानाच्या साड्या मागवायला हाच कोड मी वर्षानुवर्षं फिरवते. पुणं नाही, सुरत. तोच नंबर लावला, तर फोन प्रियलनंच उचलला. 'मम्मी? मासीनं सांगितलं का?'

शिकणं झेपेना म्हणून तिनं चैत्रातच कॉलेज सोडलं. सुरतला साडीच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर डिझाइन काढते. जाताना मेलचा पासवर्ड तुला देऊन गेली. 'जीजीला धक्का बसेल, थोडे दिवस मी लिहिते,' असं तूच म्हणालीस म्हणे. थोडे दिवस म्हणजे पाच महिने.

मी पोरीला रागावले नाही. एवढंच विचारलं, धुळ्याला येशील ना? ती म्हणाली, कशाला? म्हटलं, गाठीच्या ऑपरेशनला, मेलमध्ये लिहिलं होतं ना. ती म्हणाली, 'कसली गाठ, मम्मी?'

आषाढात छातीतली ती गाठ हाताला लागली, तेव्हा मी यांनाही बोलले नव्हते. फक्त मुलीला लिहिलं. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, 'तुला माझी शपथ, उद्याच्या उद्या डॉक्टरांना दाखव.' शपथ पोटच्या पोरीची, म्हणून गेले. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात. तू स्वतःच्या नावानं सांगितलं असतंस तर 'बघू पर्युषणानंतर' म्हणून मी टाळलं असतं, हेही खरं आहे. ते मी नाकारत नाही. पण त्यानंतर तू दोनदा फोन केलास. पावसाचं विचारलंस, लोणच्याला बुरशी आली का विचारलंस. मी गाठ लपवत होते आणि तुला ती ठाऊक होती, आणि आपण दोघी बहिणी लोणच्यावर बोलत राहिलो. मला तेच सोसत नाही. माझी पत्रं वाचलीस, ते एक वेळ सोसेन.

तुझ्या जीजीनं तुला अजून काहीच सांगितलेलं नाही, म्हणून हे पत्र. सरला, माझ्या छातीत गाठ आहे. पुढच्या सोमवारी धुळ्याला ऑपरेशन आहे. प्रियल येते आहे. मला भीती वाटते. आता तुला जे म्हणायचं असेल, ते तू म्हण.

तुझीच,
जीजी