रस्त्याच्या तोंडावरचा त्रिकोणी तुकडा

मी, खाली सही करणारी, वय पंचावन्न, अविवाहित, शाळेत संस्कृत शिकवणारी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दबावाविना लिहीत आहे. दबाव आणायला थोरला भाऊ काल येऊन गेला. चहा पाजून परत पाठवला.

१. राहता फ्लॅट व बँकेतील शिल्लक भाचीला. कपाटातले कोश तिने वाचावेत अशी अट नाही. धूळ मात्र झटकावी.

२. बागेची अवजारे शेजाऱ्यांना. तशीही ती त्यांच्याकडेच असतात.

३. आता मुद्द्याचे. वडिलांच्या जमिनीचे दादाने प्लॉट पाडले. आखणीत एक त्रिकोणी तुकडा उरला. त्यावर नियमाने घर बसत नाही, म्हणून तो वाटणीत माझ्या नावे झाला. "तुला कुठे बांधायचंय? फिरायला जात जा तिथे," दादा चारचौघांत म्हणाला. सगळे हसले.

पुढे दादाने मागची पडीक जमीन घेतली, नकाशे रंगवले, गिऱ्हाइके फिरवली. खुंट्या ठोकताना मोजणीदार म्हणाला, "साहेब, आत जायला रस्ता ताईंच्या तुकड्यातूनच आहे." तेव्हापासून दादाला बहिणीचे प्रेम अनावर झाले आहे.

काल म्हणाला, "धाकटे, तुझ्यामागे ते माझंच ना? मग आत्ताच दे की."

कायद्याने त्याचे बरोबर होते. म्हणूनच हा लेखनप्रपंच.

सबब, तो तुकडा मी वहिनीस, म्हणजे दादाच्या पत्नीस, संपूर्ण मालकीहक्काने देत आहे. आजवर दादाच्या प्रत्येक कागदावर तो "इथे सही कर" म्हणाला की तिने सही केली. एकदा वाचायला मागितला, तर "तुला काय कळतंय त्यातलं?" हे उत्तर मिळाले. यापुढे दादाने नकाशा घेऊन तिच्यासमोर बसावे, समजावून सांगावे आणि विचारावे. रस्ता द्यायचा की गवत वाढू द्यायचे, हे ती ठरवील. तिचा निर्णय दादाला पटण्याची आवश्यकता नाही.

हे तिला आधी सांगितले. "अहो वन्सं, घरात केवढा तमाशा होईल!" म्हणाली. भांडी विसळून झाल्यावर हात पुसत तिने विचारले, "कुंपणाला तार बरी, की भिंतच घालू?"

४. या मृत्युपत्राला आव्हान देणाऱ्याने खुशाल द्यावे. मी मागे हटणार नाही; तेव्हा तर मुळीच नाही.

लाभार्थी असल्याने वहिनीची साक्ष घेतलेली नाही. पुढील दोघांनी माझ्यादेखत, व मी त्यांच्यादेखत, सही केली:

साक्षीदार १: मोजणीदार (सही)
साक्षीदार २: डॉक्टरीणबाई, माझे डोके ठिकाणावर असल्याची खात्री करून (सही)

ठिकाण: माझे स्वयंपाकघर
दिनांक: ४ मार्च
(सही) धाकटी