टिटवीचं घर

२ फेब्रुवारी

आलो एकदाचे. ट्रकवाल्याने माझं शिलाई मशीन सगळ्यात वर, पाय आभाळाकडे करून बांधलं होतं, तरी पोचलं धडधाकट. घर झकास आहे. ओटा माझ्या उंचीला बरोबर बसतो, खिडकीतून समोरच्या दवाखान्याची पाटी आणि एक झाड दिसतं. मधली खोली माझ्या शिवणाला मिळाली. पडदे मात्र भयंकर आहेत, ते मी बदलणार. नवऱ्याने विचारलं, आवडलं का, तर मी उगाच भाव खाल्ला. बिजवर केला म्हणून नाक मुरडणाऱ्या मावशीला उद्या सगळ्या खोल्यांचे फोटो पाठवणार आहे.

५ फेब्रुवारी

नवरा गेम खेळतो! कानावरचे केस पिकलेला माणूस जेवण झालं की हेडफोन चढवून बसतो. गेममध्ये एक गाव आहे. तिथे जो तो आपलं घर बांधतो, भाजी लावतो आणि कुंपणापाशी उभा राहून चकाट्या पिटतो. परगावी राहणारी नणंदही त्यात असते. मी माझं मत लगेच देऊन टाकलं. शेजारच्या बिऱ्हाडात कोण राहतं ते या लोकांना ठाऊक नसतं, पण स्क्रीनवरच्या शेजाऱ्याची भोपळ्याची वेल सुकली की जीव खालीवर होतो. तो हसला आणि मलाही एक खातं काढून दिलं. नाव सुचेना, तेव्हा गेमने आपणहून ठेवलं, पाहुणी. म्हटलं, असू दे. कामचलाऊ आहे.

९ फेब्रुवारी

गेममध्ये नवऱ्याच्या घराला लागून एक निळं घर आहे. मालकीण टिटवी. ही कोण बाई, म्हणून सहज विचारलं, तर त्याने हेडफोन काढून ठेवला आणि सांगितलं. ती त्याची पहिली. फार टिवटिव करायची, म्हणून तिने स्वतःच ते नाव घेतलं होतं. दोन वर्षांपूर्वी तापाने गेली.

गेमचा नियम असा की आठवडाभर कोणी घरात दिवा लावला नाही, तर घर ढासळायला लागतं आणि मालकाचं नाव गावातून पुसलं जातं. म्हणून या बहीणभावाने वार वाटून घेतले आहेत. आळीपाळीने तिच्या खात्यात जातात, दिवा लावतात, झाडांना पाणी घालतात. मला कौतुक वाटायला हवं होतं. भिंतीवरच्या तिच्या फोटोचं मला कधी काही वाटलं नाही, कारण फोटो आपल्या जागी गप्प असतो. पण हिला रोज कोणीतरी अंगणात फिरवून आणतं. माझा नुसता जळफळाट झाला. जेवण गेलं नाही.

१० फेब्रुवारी

गोड बोलून ते काम मी अंगावर घेतलं. म्हटलं, तुम्ही दोघं दमलात, आता मी दिवा लावत जाईन. त्याचे डोळे भरून आले. नणंदेने फोनवर दहा वेळा वहिनी, वहिनी केलं. पासवर्ड मिळाला.

मी त्या खात्याला हातसुद्धा लावणार नाही. घर पडलं की तोंडावर हात ठेवून म्हणेन, अगं बाई, विसरलेच की.

१९ फेब्रुवारी

आज माझ्या पाहुणीला घेऊन निळ्या घराची पडझड बघायला गेले. घर उभं आहे. दिवा लागलेला आणि पायरीपाशी नवी फुलं.

वाटलं, नवऱ्याने चोरून लावला असणार. विचारायच्या आधी त्यानेच माझी पाठ थोपटली. म्हणाला, फुलं बरोबर तिच्या जागी लावलीस, तुला कसं कळलं? तेवढ्यात नणंदेचा फोन. काल किती गप्पा मारल्यास वहिनी, अगदी तिच्यासारखं लिहितेस.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण त्याचा हात माझ्या खांद्यावर होता, लग्नानंतर पहिल्यांदाच असा आपणहून. मी म्हणाले, हो, ती मीच.

२३ फेब्रुवारी

रोज संध्याकाळी मी मधल्या खोलीत शिवत असते आणि बाहेर तो स्क्रीनसमोर खो खो हसत असतो. त्याला वाटतं, मी आत बसून मोबाईलवरून लिहिते आहे. मग येऊन म्हणतो, काय लिहितेस गं, तू एकदम मोकळी झालीस. मी मान डोलावते. माझ्यासमोर तो असा कधी हसला नाही. दुसरीचं कौतुक आपल्या पदरात पाडून घ्यायचं आणि वर जळायचं, असं माझं चाललं आहे.

आता शिवण टाकून मी पाहुणीला घेऊन तिच्या कुंपणापाशी उभी राहते. ती दिसली की बघून घेईन.

२६ फेब्रुवारी

तिच्या खात्यात शिरायला गेले. पासवर्ड बदललेला.

पाहुणीकडून तिला लिहिलं, कोण आहेस तू? उत्तर लगेच आलं. तूच सांगितलंस ना सगळ्यांना, ती मीच म्हणून. मी फोन खाली ठेवला. पुन्हा वाजला. बरं, मग तसंच करू.

१ मार्च

नवऱ्याला सगळं खरं सांगून टाकलं, रडत रडत. तो हसत सुटला. म्हणाला, कालच म्हणालीस ना, की अशी गंमत करणार आहेस.

काल मी त्याच्याशी बोललेच नव्हते.

बाहेरच्या खोलीत नवे पडदे लागले आहेत. निळे. मी शिवलेले नाहीत, पण टाके माझेच आहेत, शेवटची गाठसुद्धा.

३ मार्च

तिच्या कुंपणापाशी ठाण मांडून बसायच्या नादात स्वतःच्या घराचा दिवा लावायचा राहिला. पाहुणीचं छप्पर गेलं आहे.

दुपारी मधल्या खोलीचं प्लॅस्टर पडलं, मशीनवर. नवरा आवाज ऐकून आला, आत डोकावला आणि मला ओलांडून पंखा बंद करून गेला.

टेबलावर दोन ताटं. तो एकावर बसला. दुसऱ्यावर मी बसायला गेले तर —

५ मार्च

पाहुणी या नावाचं खातं नाही. पुन्हा टाकलं. नाही. पुन्हा — नाही.

स्वयंपाकघरात कोणीतरी गुणगुणतंय. माझ्या आवाजात. तो तिला माझ्या नावाने हाक मारतो आणि ती ओ देते. किती मायेने मारतो हाक. मला अशी कधीच —

मला हेवा वाटतो आहे. माझाच.

६ मार्च

नणंद आली आहे. त्या दुसरीच्या गळ्यात पडून वहिनी, वहिनी —

मी दारात उभी. त्याने या बाजूला पाहिलं. म्हणाला, ही खोली कोणी वापरत नाही, ढासळत चालली आहे. नणंद म्हणाली, पडू कशाला देता, रोज कोणीतरी आत जाऊन दिवा लावला तरी पुरे.

मग ती दुसरी पुढे आली. पदराला हात पुसत. म्हणाली, तुम्ही दोघं दमलात, मी लावत जाईन.

तो गोड आवाज माझ्या ओळखीचा आहे. ती काही लाव