मेन स्विच आणि तुमच्या कॅसेटी

बाबा, तुमच्या सगळ्या व्हिडिओ कॅसेटी आता एका डबीत मावल्या आहेत. डबी म्हणजे टीव्हीमागे ठेवलेला छोटा कॉम्प्युटर. आई भिलाईजवळच्या बोरसीतल्या घरात रिमोट दाबते आणि तुमच्या प्लांटच्या वसाहतीत, आपल्या सेक्टरच्या गणपतीत झालेलं नाटक, धाकट्या भावाचं बारसं, क्वार्टरच्या अंगणात वाळत घातलेल्या मुंगवड्या, सगळं सुरू होतं. तुम्ही कुठेच दिसत नाही, कारण कॅमेरा कायम तुमच्याच हातात. पण आवाज आहे. "अवं, इकडे पाह्य ना!" असं तुम्ही म्हणता आणि आई अजूनही टीव्हीकडे बघून पदर सारखा करते. हे तिला एकटीला, कोणाला न विचारता लावता यावं, एवढाच माझा हट्ट होता. त्यावरून महिनाभर वाद झाला.

या डबीला सिनेमे मांडून दाखवणारं सॉफ्टवेअर लागतं. एक विकतचं मिळतं. दुसरं फुकट, आणि त्याचा कोड ज्याला हवा त्याने उघडून पाहावा असा खुला. धाकटा रायपूरहून फोनवर म्हणाला, "ताई, पैसे दे और भूल जा. आईले फक्त बटन दाबता आलं पाहिजे. तू कायले झंझट करून राहिली?" त्याचं चुकत नव्हतं. मी विकतचंच घेतलं. तासाभरात सगळं देखणं दिसायला लागलं. गणपतीच्या नाटकाला त्या सॉफ्टवेअरने आपणहून कुठल्याशा परदेशी भुताच्या सिनेमाचं पोस्टर चिकटवलं, तेव्हा आई इतकी हसली की तिला ठसका लागला.

मग एका सकाळी आई भाजी आणायला निघाली आणि निघताना तिने मेन बंद केला. तुम्हीच लावलेली सवय. प्लांटमध्ये शटडाउन घेतल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही, आणि मेन बंद केल्याशिवाय घर सोडायचं नाही. मी आठवीत आहे, व्हीसीआरचं झाकण उघडून आत बोट घालते आहे, आणि तुम्ही दारातून ओरडता, "प्लग काढला का? आधी प्लग काढ, मंग हात लाव! मराचं आहे का तुले?" मी दिवसभर रडले. दुसऱ्या दिवशी ड्यूटीवरून येताना तुम्ही लाल मुठीचा टेस्टर आणलात आणि माझ्या दप्तरात ठेवलात. अशा शिस्तीच्या घरात मी चोवीस तास चालू राहावी लागणारी डबी आणून ठेवली होती.

आई परतली, तिने मेन लावला, पण इंटरनेट काही आलं नाही आणि टीव्ही तिला खातं आणि पासवर्ड मागत बसला. दोन्ही माझी, आणि मी भिलाई-3 ला ऑफिसात. संध्याकाळी पोचले तेव्हा ती रिमोट मांडीवर घेऊन बसली होती. "घरच्या माणसाले पाहाले बी परवानगी लागते काय वं?" ती म्हणाली. मला राग आला, फार राग आला. धाकटा म्हणाला, "आईले सांग ना, मेन बंद मत कर." मी म्हटलं, सॉफ्टवेअर बदलीन, आईची सवय बदलणार नाही.

खुलं सॉफ्टवेअर बसवण्यात तीन रविवार गेले. अडलं तर विचारायला कंपनी नाही. ज्यांचं आधी अडलं त्यांनी जे लिहून ठेवलंय ते शोधून वाचायचं. मी मुद्दाम चालू डबीचा मेन बंद करून पाहिला, तर एकदा कॅसेटींची सगळी यादीच उडाली. पुन्हा बसवली आणि यादीची नक्कल रोज आपोआप निघेल असं केलं. आता मेन लागला की ते आपलं आपण सुरू होतं, इंटरनेट असो नसो, आणि आईला काही विचारत नाही. अपडेट आलं की मलाच निस्तरायचं, बिघडलं तरी मलाच. निस्तरीन.

एक सांगायचं राहिलं. शेवटच्या कॅसेटला बुरशी लागली, असं मी आईला सांगितलं आहे. लागलेली नाही. त्यात पहिल्यांदाच कॅमेरा तुमच्याकडे वळलेला आहे. दवाखान्यातून आल्यानंतरचे तुम्ही, अंगात शर्ट सैल झालेला, खुर्चीत बसून म्हणता, "अवं, हे तू मंग पाहजो," आणि तिथेच मी बंद केलं. ती फाइल मी माझ्या खात्यात, माझ्या पासवर्डमागे ठेवली. कंपनीवर एवढी चिडले आणि आईला अडवणारं कुलूप मीच लावलं. तुम्ही ते तिच्यासाठी बोललात. ते कुलूप उद्या सकाळी काढते.

हे लिहिलेलं तुम्हाला कुठे धाडणार? आणि आधी आईला सांगायला हवं. तुम्ही काय बोलला असाल याची मला भीती नव्हती, बाबा. तेवढं एक पाहून झालं, की तुमचं न पाहिलेलं माझ्याकडे काहीच उरणार नाही.