पुसायचं नाही

अण्णा, आज सकाळी दुकानातला कॉम्प्युटर अडला. डिस्क भरली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी शिराळ्यातल्या आपल्या स्टुडिओत नियम तुमचाच चालतो, काढलेला फोटो पुसायचा नाही. एकदा मी हललेले, डोळे मिटलेले फोटो पुसायला घेतले, तर तुम्ही गिऱ्हाइकांसमोर खेकसलात, "हात लावू नगंस! माणूस गेलं की घरची हितंच येत्यात. तवा त्यास्नी काय मोकळा पडदा दावशील?" फार राग आला होता मला. पण येतात खरे. कालच एक म्हाताऱ्या बाई आल्या, नवऱ्याचा फोटो हाराला हवा म्हणून. सापडला तो डोळे मिटलेलाच. बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "असू दे पोरी. निजल्यावानी दिसत्यात."

आता जागा करायची तर पुसणं आलंच. सुरुवात कुठून करायची ते मी मनात केव्हाच ठरवलं होतं, सांगलीच्या दवाखान्यात काढलेल्या तुमच्या शेवटच्या फोटोपासून. नाकात नळी, गाल बसलेले, डोळे थेट कॅमेऱ्यात. हट्ट तुमचाच. "काढ गं. आख्ख्या गावाचं फोटू मी काढलं, माजा कोण काढणार?" आई तोंडाला पदर लावून बाहेर जाते, आणि मी काढते. भिंतीवर हार घातलाय तो तुमच्या तरुणपणीच्या फोटोला. हा मी त्यानंतर एकदाही उघडलेला नाही. पण कॉम्प्युटर लावला की तो आत आहे, हे डोक्यात असतंच.

धाकट्याला पुण्याला फोन केला. तो म्हणाला, "ताई, पुसतीस कशाला? कॉम्प्रेशन चालू कर. फायली डिस्कवर दाबून ठेवल्या जातात, उघडल्या की हुत्या तशाच. तुला कळणार बी न्हाई." केलं चालू. दुपारपर्यंत मशीन घरघरत होतं. जुन्या निगेटिव्हवरून तुम्ही स्कॅन केलेल्या मोठाल्या फायली चांगल्याच दबल्या. नव्या कॅमेऱ्याचे फोटो मुळातच दाबलेले असतात, ते होते तेवढेच राहिले. तुमचा शेवटचाही.

तरी जागा भरपूर झाली. धाकटा खूश. मी शटर अर्धं ओढून रडत बसले. अण्णा, मला जागा नकोच होती. तुमचा तो फोटो पुसायला निमित्त हवं होतं.